दुसऱ्या बाईंचं वाचन

१

मंगळवारची सकाळ म्हणजे शिव्या खायची सकाळ, असं कात्री म्हणायचा. ताईला मात्र आठवड्यातली तीच सकाळ सगळ्यांत प्यारी.

ग्रंथालय बोलक्या पुस्तकांचं होतं. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी इथे पुस्तकं मोठ्याने वाचून, ध्वनिमुद्रित करून घरोघरी पाठवली जात. ताई तिथली वाचक. भिंतींना जाड गाद्या ठोकलेल्या, कपाटाचा थोरला भाऊ शोभेल एवढ्याशा खोलीत बसून ती दिवसभर वाचायची आणि काचेपलीकडे बसलेला कात्री तिच्या चुका, खोकले, गिळलेले आवंढे कापून टाकायचा. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाला तरी आठवायचं. चूक झाली की वाचकाने एकदा टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा घ्यायचं, अशी तिथली पद्धत. टाळीची उंच रेघ पडद्यावर उठून दिसते, कात्री तिथे कापतो. ऐकणाऱ्याच्या कानी ना चूक पडते, ना टाळी.

पूर्वी इथे कादंबऱ्या आणि धीर देणारी पुस्तकं तेवढी वाचली जात. ताई आली आणि पहिल्याच बैठकीत म्हणाली, "डोळे गेले म्हणजे डोकं गेलं का?" भांडून भांडून तिने अर्थशास्त्र आणलं, शरीरशास्त्र आणलं, पक्ष्यांचा कोश, करारांचा कायदा, वर अख्खा शब्दकोश. ग्रंथालयाच्या प्रमुख मॅडमनी कपाळाला हात लावला. "शब्दकोश कोण ऐकत बसणार गं?" "ज्याला शब्द हवेत तो," ताई म्हणाली. त्या दिवसापासून कात्री तिला 'वादळ' म्हणू लागला.

आणि मंगळवारी सकाळी ऐकणाऱ्यांचे फोन यायचे. कुठलं पुस्तक कसं वाटलं ते लोक बिनधास्त सांगायचे आणि ते फोन ताई स्वतः घ्यायची. डोळस वाचक कसे पुस्तकाचं कौतुक करताना स्वतःचंही थोडं करून घेतात. इथे तसं काही नाही. निवृत्त टेलिफोन ऑपरेटरबाई होत्या, त्यांची जीभ म्हणजे वस्तरा. खुनाच्या कादंबरीबद्दल त्या म्हणाल्या, "खुनी मला तिसऱ्या प्रकरणात कळला. लिहिणाऱ्याला बहुतेक नंतर कळला." पक्ष्यांच्या कोशाबद्दल म्हणाल्या, "रंग पानभर आणि आवाज अर्ध्या ओळीत! रंग काय आम्ही चाटायचेत?" शब्दकोश ऐकणारे एक काका म्हणाले, "अजून कुणी मेलेलं नाही यात. बरं वाटतंय."

त्या मंगळवारी शेवटचा फोन मास्तरांचा होता. मास्तर वाद्यांचे सूर लावायचे. वाकडा सूर लागला तर त्यांचे दात दुखतात, असं त्यांची बायकोच सांगायची.

"अर्थशास्त्र संपवलं," मास्तर म्हणाले. "वाचन स्वच्छ आहे. तक्ते आले की मात्र पाठीमागे कुत्रं लागल्यासारखं करता. तेवढं सोडलं तर झकास. आणि त्या दुसऱ्या बाईंना माझा नमस्कार सांगा."

"कुठल्या दुसऱ्या बाई, मास्तर?"

"तुमच्या बाजूला बसतात त्या. बोलतात फार थोडं. पण काय शांत आवाज आहे हो!"

ताई हसली. "मास्तर, खोलीत मी एकटीच असते. दुसरी खुर्ची मावतच नाही तिथे."



"मग," ते विचार करत म्हणाले, "त्या खुर्चीवर बसत नसतील."

२

ताई विज्ञान मानणारी मुलगी. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की ती उठून जायची. तिने सरळ कात्रीला अर्थशास्त्र लावायला सांगितलं आणि दोघांनी कानांवर जाड हेडफोन चढवून जिथून तिथून ऐकलं. मागणी, पुरवठा, तक्ता, आलेख. ताईचा धावता आवाज. बाकी काही नाही.

"म्हातारे कान," कात्री म्हणाला.

"म्हातारे असले तरी कान मास्तरांचे आहेत."

"मग शेजारच्या घरातला रेडिओ असेल. नाहीतर त्यांच्या यंत्राची तबकडी खराब असेल. तूच सांग, तुझं विज्ञान काय म्हणतं?"

विज्ञान हेच म्हणत होतं. ताईने ते मान्यही केलं.

पुढच्या मंगळवारी ऑपरेटरबाईंचा फोन आला. शरीरशास्त्राबद्दल त्यांनी बरंच काही ऐकवलं. आतडी एवढी लांब असतात हे या वयात सांगून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. मग सहज म्हणाल्या, "पण तुम्ही दोघी जोडीने छान वाचता हो."

ताईच्या हातातली पेन्सिल थांबली. "दोघी म्हणजे?"

"हे बघ बाळ, मी उभा जन्म लोकांच्या फोनवर काढलाय. लाइनीवर तिसरं माणूस आलं की मला न बोलता कळतं. ती आहे. तू श्वास सोडतेस तेव्हा ती घेते."

"काय बोलते ती?"

"फारसं काही नाही. तू चुकतेस ना, तिथे तिथे असते."

ताईने फोन ठेवला. आपण कुठे चुकलो हे ऐकणाऱ्याला कळणं शक्य नव्हतं. त्यासाठीच तर कात्री होता.

३

घरी दोघीच बहिणी. आईवडील गेल्यापासून ताईच घरातली मोठी आणि छोटीच धाकटी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला छोटीच्या डोळ्यांच्या नसा वाळत गेल्या, आणि वर्ष संपेपर्यंत खिडकीतला उजेडही तिला दिसेनासा झाला. तेव्हा ताई रोज संध्याकाळी तिच्या पलंगाच्या कडेला बसून वाचून दाखवायची. कायद्याची पुस्तकं, गमतीची पुस्तकं, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा. त्यातूनच तिला आपला आवाज कळला. मग वाटलं, एकीसाठी वाचायचं तर हजारांसाठी का नाही? ती ग्रंथालयात गेली आणि पलंगाची ती कड हळूहळू रिकामी झाली. छोटीने कधी तक्रार केली नाही. ताईचाच आवाज तिला आता कानात घालून मिळत होता की.

वकिलीची परीक्षा तोंडावर आली होती. छोटीचं सगळं आयुष्य या परीक्षेवर टांगलेलं. त्या संध्याकाळी ताई घरात शिरली तेव्हा छोटी पलंगावर मांडी घालून करारांचा कायदा ऐकत होती. आणि हसत होती.

"करारांच्या कायद्यात हसण्यासारखं काय सापडलं वकीलसाहेबांना?"

"तू आलीस होय?" छोटीने कानातली एक वायर काढली. "बाईसाहेब आज वेळेवर? सूर्य कुठे उगवला?"

"मत सांग. श्रोत्याचं मत. कसं आहे पुस्तक?"

"पुस्तक रुक्ष. वाचणारी घाईत. पण सोबत चांगली आहे."

ताई खांद्यावरची पिशवी काढता काढता थांबली.

"कसली सोबत?"

"तुझ्या बाजूची गं. तू प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला असं धडाधड सांगून पुढे पळतेस ना, मग ती हळूच विचारते, 'समजलं का?' नसेल समजलं तर थांबते."

"थांबते म्हणजे? मुद्रण कसं थांबेल, छोटी?"

"मला काय माहीत? थांबते."

"दे इकडे." ताईने ती वायर आपल्या कानात घातली. स्वतःचाच आवाज. प्रस्ताव, स्वीकृती. एका जागी किंचित विराम, कात्रीने सांधलेला. मग पुन्हा स्वतःचाच आवाज.

"बघ, आत्ता विचारलंन," छोटी म्हणाली. तिच्या कानात काहीच नव्हतं. दुसरी वायरही निसटून मांडीवर पडली होती.

ताईने पुस्तक बंद केलं. "तू थकली आहेस. परीक्षेचा ताण आहे."

"असेल." छोटी पुन्हा आडवी झाली. "पण ताई, खरं सांगू? रागावू नकोस. तू मला 'समजलं का' असं शेवटचं कधी विचारलंस?"

ताई रागावली नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाच भांडी विसळत राहिली.

४

"तू खोलीची शांतता कशी भरलीस?"

कात्रीने हे विचारलं तेव्हा ताईला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला, आणि तिने नजर चुकवली.

कात्रीच्या धंद्यात शांततेला फार किंमत. वाचन सुरू करण्याआधी वाचकाने काही क्षण काही न बोलता, न हलता खोलीत बसायचं आणि ती शांतता मुद्रित करायची. पुढे जिथे जिथे चूक कापली जाते, तिथे तिथे या शांततेचा तुकडा लावतात. नाहीतर ऐकणाऱ्याला कानात खड्डा पडल्यासारखं वाटतं. आणि वाचकाने आत बसलंच पाहिजे, हा नियम. कारण त्या शांततेत त्याच्या अंगाचाही आवाज असतो. कपडे, श्वास, पोट. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी लागते.

"तुला एवढं गप्प बसवतं कुठे?" कात्री म्हणाला. "म्हणून विचारतोय."

"मी यंत्र चालू केलं आणि चहा घ्यायला गेले," ताई म्हणाली. "बास? रिकामी खोली काय आणि मी असलेली खोली काय, शांतता ती शांतता. आणि एकदा घेतलेली सगळ्या पुस्तकांना वापर, असं मीच तुला सांगितलं होतं. दर वेळी पुतळ्यासारखं बसायला मला वेळ नाही. केवढी पुस्तकं पडलीत वाचायची!"

कात्रीने मान हलवली, पण भांडला नाही. त्याने ती मूळची शांतता शोधून काढली आणि आवाजाची कळ शेवटपर्यंत फिरवली.

आधी नुसती घरघर. खूप लांबून एक गाडी गेली. मग दार लागल्याचा आवाज, म्हणजे ताई बाहेर पडली. मग खुर्ची करकरली.

"माणूस उठलं की लाकूड सैल होतं," कात्री म्हणाला. "होतंच."

"होतंच," ताई म्हणाली.

मग बराच वेळ काही नाही. मग कागदावरून कापड घासल्यासारखं काहीतरी. पुस्तक उघडंच होतं, वारा असेल. गाद्या ठोकलेल्या खोलीत वारा कुठून येणार, हे दोघांनाही ठाऊक होतं. शेवटी बाहेरून ताईची पावलं जवळ आली. आणि दार उघडण्याच्या अगदी आधी ती घरघरही बारीक झाली. कुणीतरी श्वास रोखून धरावा तशी.

कात्रीने कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. तो एरवी प्रत्येक गोष्टीवर विनोद करायचा.

"हे मी एकूण एक पुस्तकात लावलंय," तो म्हणाला. "तुझ्या प्रत्येक चुकीच्या जागी."

आणि घाईत वाचणारी ताई चुकायची फार.

५

पुढच्या मंगळवारी फोन सकाळपासून वाजत होते, पण मतं बदलली होती. कुणी शिव्या दिल्या नाहीत.

"शेवटचं प्रकरण फार आवडलं," पक्ष्यांचा कोश ऐकणारी एक शिक्षिका म्हणाली.

त्या कोशात प्रकरणं नव्हतीच. शेवटी नावांची सूची होती. ताईने तसं सांगितलं.

"असं कसं? तुम्हीच तर वाचलंय," शिक्षिका म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

शब्दकोशवाले काका म्हणाले, शेवटचं प्रकरण ऐकून मन शांत झालं. शरीरशास्त्र ऐकणारा एक विद्यार्थी म्हणाला, तेवढं एक प्रकरण परीक्षेला नसलं तरी चालेल, ते आपल्यासाठी आहे. कुठलं पुस्तक, कसलं पुस्तक, काही संबंध नाही. आणि प्रकरण मात्र सगळ्यांचं एकच. ताईने प्रत्येकाला विचारलं, "काय आहे त्यात?" कुणी सांगेना. लाजल्यासारखे गप्प व्हायचे.

ऑपरेटरबाईंचा आवाज आला तेव्हा ताईला हायसं वाटलं. या तरी फटकन बोलतील. पण बाई हळू बोलत होत्या. त्यांच्या आवाजातला वस्तरा कुणीतरी म्यान केला होता.

"ते सांगायचं नसतं बाळ. ऐकायचं. ऐकून झालं की पुढचं आपण वाचायचं."

"पुढचं म्हणजे काय? कुणासाठी वाचायचं?"

पलीकडून उत्तर आलं नाही. नुसता श्वास. ताईने आपला श्वास सोडला, तर तिकडे आत घेतला गेला. तिने घाबरून आपला रोखला. तिकडेही थांबला.

तिने फोन आपटला. लगेच तो पुन्हा वाजला. मास्तरांची बायको होती.

"मास्तर आज मत देणार नाहीत," ती म्हणाली. "ते वाचतायत."

"वाचतायत? कशावरून?"

"तेच तर! हातात काहीच नाही हो. भिंतीकडे तोंड करून बसलेत. हाक मारली तर वळत नाहीत, घास भरवला तर तोंडातच राहतो आणि त्यातूनच वाचत राहतात. मला वाटलं वात झाला. डॉक्टर म्हणाले, अंगात ताप नाही, नाडी छान आहे. पण अहो, आवाज..." तिचा स्वर फाटला. "चाळीस वर्षं संसार केला मी या माणसाशी. तो आवाज त्यांचा नाही."

"फोन जरा त्यांच्याजवळ न्या," ताई म्हणाली. आपण हे का म्हणालो, ते तिला कळलं नाही.

पावलं. दार. मग एक बाई बोलत असलेली ऐकू आली. शब्द कळत नव्हते. कसलीही घाई नसलेला, मऊ आवाज. निजलेल्या मुलाजवळ बसून वाचावं तसा. एका जागी तो अडखळला. थांबला.

मग एक टाळी वाजली. आणि तेच वाक्य पुन्हा सुरू झालं.

 मास्तरांना टाळीचं कुणी सांगितलं? ऐकणाऱ्यांपैकी एकालाही टाळी ठाऊक नव्हती.

तिने घरी फोन लावला. 

"छोटी, कुठपर्यंत आलीस? कायदा कुठपर्यंत ऐकलास?"

"संपलाच की. शेवटचं प्रकरण उरलंय. जेवण झालं की ऐकते."

"ऐकू नकोस! शपथ आहे माझी. हात लावू नकोस त्याला, मी येतेय."

६

भांडण मोठं झालं. ताईने ऐकायचं यंत्रच काढून घेतलं, वायरीसकट, आणि पिशवीत टाकलं.

"परीक्षा तुझी आहे की माझी?" छोटी पलंगावरून ओरडली. "आधी म्हणायचं, आंधळ्यांना सगळी पुस्तकं मिळाली पाहिजेत. मग मिळालेलं काढून घ्यायचं! वा रे समाजसेवा!"

"पुस्तकात दोष आहे. मुद्रणात."

"दोष तुझ्या वाचण्यात आहे. ती नसती तर मला एक कलम कळलं नसतं."

"ती कुणी नाहीये, छोटी!"

छोटी शांत झाली. हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "तू तिच्यावर जळतेस," ती म्हणाली. "ती माझ्याजवळ बसते म्हणून."

 मास्तरांचं सांगावं, तर तेवढ्याने छोटी घाबरेल की तिला उलट ओढ लागेल, काही सांगता येत नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "शेवटचं प्रकरण मी वाचून दाखवते. माझ्या तोंडाने. उद्या दुपारी. आधी ती पुस्तकं लोकांच्या घरातून थांबवली पाहिजेत मला, कळतंय का? किती घरांत गेलंय ते!"

"उद्या," छोटी म्हणाली. "तू नेहमी उद्याच वाचतेस."

तिने भिंतीकडे कूस बदलली. रात्रभर ताई दारातल्या खुर्चीत बसून तिच्या पाठीकडे बघत राहिली. छोटी एकदाही काही पुटपुटली नाही. सकाळी तर तिने चहाला नावं ठेवली, केस विंचरून मागितले. ताईला एवढं बरं वाटलं की तिने यंत्र पिशवीत असल्याची पुन्हा एकदा खात्री केली, घराला बाहेरून कुलूप घातलं आणि ग्रंथालयाकडे धावली.

७

मॅडमना काय सांगायचं ते कात्रीने सांगितलं. तांत्रिक बिघाड, म्हणाला, आणि तेवढं पुरलं. पुस्तकं परत मागवायचे फोन सुरू झाले. बऱ्याच घरांत फोन उचलला जात होता, पण पलीकडून कुणी उत्तर देत नव्हतं. लांबवर कुणीतरी वाचत असल्यासारखं वाटायचं. फोन करणारा कारकून तक्रार करत होता, की लोक यंत्र बंद न करताच फोन घेतात.

"नवी शांतता घेऊ," कात्री म्हणाला. "नियमाप्रमाणे. ती सगळीकडे नव्याने लावतो. रात्रंदिवस बसेन, पण लावतो."

ताई आत गेली. दार बंद केलं. दुपारचं ऊन बाहेर राहिलं आणि कानांवर गाद्या दाबल्यासारखी खोली मिटली. ती खुर्चीत बसली. एवढ्या महिन्यांत ती इथे पहिल्यांदाच काहीही न वाचता बसत होती. काचेपलीकडे कात्रीने बोट वर केलं. यंत्र सुरू झालं.

तिला वाटलं होतं, आपल्याला भीती वाटेल. मानेवर श्वास येईल, कडेला काहीतरी हलेल. तिने मन घट्ट केलं होतं. बाजूच्या रिकाम्या जागेकडे न बघता तिने सगळं अंग कान केलं.

आपलं रक्त ऐकू आलं. पोटातलं पाणी. पापण्या मिटल्याचासुद्धा आवाज. त्यापलीकडे काही नव्हतं. ती आणखी ऐकत राहिली, आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं इतक्या धीराने. आणि हळूहळू तिच्या लक्षात आलं, की ही खोली बदलली आहे. इथे रोज बसताना एक भरलेपण असायचं. ते तिने कधी ओळखलं नव्हतं, कारण ते पहिल्या दिवसापासून होतं. भाड्याच्या घरात शिरावं आणि शेजारी माणसं राहतात हे भिंतीवरूनच कळावं, तसं. आता भिंतीपलीकडे कुणी राहत नव्हतं.

खोली रिकामी होती. अगदी, अगदी रिकामी.

कात्रीने अंगठा वर केला. काचेतून तो हसत होता. सापडलं नाही काही, सुटलो, असं त्याचं तोंड म्हणत होतं.

ताई मात्र खुर्चीत थिजली. इथे नाही, तर मग गेली कुठे?

८

ती धावत घरी आली. बस मध्येच अडकली तेव्हा उतरून पळाली. रस्ता उन्हाने भरला होता, दुकानं उघडी होती, एक माणूस काचा पुसत गुणगुणत होता. असल्या भर दुपारी कुणाचं काही वाईट होत नाही, असं ती स्वतःला बजावत होती. ऐकायचं यंत्र माझ्याजवळ आहे. छोटीकडे ऐकायला काही नाही. पळताना पिशवी कमरेवर आपटत होती आणि ते यंत्र आत आहे हे तिला दर पावलाला कळत होतं.

दाराला बाहेरून लावलेलं कुलूप होतं तसंच होतं. तिने ते उघडलं.

घरात शांतता होती. छोटीच्या खोलीचं दार अर्धं उघडं. पडदा सारलेला, आत स्वच्छ उजेड. ताई दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

छोटी पलंगावर मांडी घालून बसली होती. कानात काही नव्हतं. चेहरा दाराकडे नव्हता, तर पलंगाच्या कडेकडे वळलेला, जरा वर उचललेला. जवळ बसलेल्या माणसाकडे वळवावा तसा. मधूनमधून ती मान हलवत होती. एकदा ओठ मुडपून हसली.

पलंगाच्या कडेला कुणी नव्हतं. चादरीवर ऊन पडलं होतं. पण त्या जागी चादर ताणली गेली होती आणि तिच्या चुण्या दोन्ही बाजूंनी खाली ओढल्या होत्या.

"समजलं," छोटी म्हणाली. "हो, हेही समजलं. थांब ना जरा. एवढा वेळ बसलीस, घसा कोरडा पडला असेल तुझा."

तिने हात पुढे केला. छोटी कधी कुणाचा चेहरा हाताने बघत नसे. सिनेमातले आंधळेच तसलं करतात, असं म्हणून ती खो खो हसायची. आता तिचा हात हवेत गेला, एका माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर, आणि अडला. बोटं वाकली. तळवा गालाएवढा खोलगट झाला. अंगठा हलकेच पुढे सरकला, आपण ओठाचा कोपरा पुसतो तसा. हात हवेत होता आणि तो कशावर तरी टेकलेला होता.

"किती गार पडलीयस," छोटी मायेने म्हणाली. "ताई, शाल घे की."

 दारातून ओरडायला ताईने तोंड उघडलं, पण एवढ्याशा, तिच्या ओळखीबाहेरच्या आवाजात एकच शब्द आला.

"छोटी."

छोटी दचकली. तिचा हात हवेतल्या त्या गालावरून निघाला नाही, उलट जास्तच घट्ट झाला. अनोळखी माणूस घरात शिरलं की ती जशी आक्रसून जायची, तशी ती आक्रसली आणि कडेला बसलेल्याच्या आणखी जवळ सरकली.

"ताई," तिने कुजबुजत विचारलं, त्या रिकाम्या उजेडाला, "दारात कोण आलंय गं?"

ती थांबली. मान कलती करून तिने ऐकलं. ताईला काहीच ऐकू आलं नाही; रस्त्यावरची एक सायकल, बाकी काही नाही.

छोटीचे खांदे सैल झाले. उत्तर पटल्यासारखी तिने मान डोलावली.

"बरं मग," ती म्हणाली, "वाच तू. थोडंच राहिलंय."